उजवा पडला असता तर

दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मागच्या बाकावरनं तो प्रश्न येतो. मॅडम, लॉजिकनं देव आहे का नाही ते कळतंय काय? विचारणारा पोरगा शेजारच्याला कोपरानं ढोसत असतो. त्याला उत्तर नको असतं, तास घालवायचा असतो. मी बेळगावात कॅम्पाकडच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवते. विषय घेणारी पोरं इतकी थोडी की वर्गात एक पंखा लावला तरी भागतं. स्टाफरूममध्ये मला चिडवतात, तुमचं शास्त्र घरात तरी कोण ऐकतं का हो? नाही ऐकत. ही त्याचीच हकिगत आहे, आणि ती सांगताना आजही माझ्या मस्तकात तिडीक जाते, हे आधीच सांगून ठेवते. गोड बोलणं मला जमत नाही.

मागच्या बाकावरच्या पोराला मी सांगते, बाबा रे, देव आहे का नाही ते मला ठाऊक नाही आणि माझ्या शास्त्रालाही नाही. तू खुशाल धर की आहे. मी अडवणार नाही. पण देव आहे, असं लिहून तू खाली रेघ ओढणार आणि रेघेखाली काहीतरी मागणार, ते मात्र मी तपासणार. देव आहे, म्हणून विधवेनं पुढं यायचं नाही. देव आहे, म्हणून अमक्याच्या पोरीनं तमक्या घरात राहायचं. वरच्या ओळीतनं खालची ओळ निघते का, एवढंच मी बघते. बहुतेक वेळा निघत नाही. खालची ओळ कुणीतरी घरनंच खिशात घालून आणलेली असते, आणि वर देवाचं नाव मागाहून लिहिलेलं असतं. पोरं हसतात आणि वहीत काहीच लिहून घेत नाहीत.

आमचं गाव खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. भाताची शेती. घरात तेव्हा आप्पा, म्हणजे माझे वडील, माझी वहिनी आणि तिची चौथीतली मुलगी. शेजारच्या दारात काका. आई मी कॉलेजात असतानाच गेली. आणि अण्णा, माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा, दोन वर्षांमागं गेला.

त्याच्याआधी एकदा खानापूरच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली होती आणि तो नुसत्या खरचटण्यावर निभावला होता. तेव्हा अख्खं गाव म्हणालं, देवानं राखलं. नारळ फुटले, प्रसाद वाटला. मग एक दिवस त्याच रस्त्यावर समोरनं लाकडाचा ट्रक आला आणि अण्णा जागच्या जागी गेला. तेव्हा तीच माणसं आमच्या ओसरीवर बसून म्हणाली, देवाच्या मनात होतं. म्हणजे वाचला तरी देव, मेला तरी देव. काहीही घडलं तरी जे खरंच ठरतं, ते घडलेल्याबद्दल काही सांगत नसतं. वर्गात फळ्यावर मी हे दर वर्षी लिहिते. सुतकात ओसरीवर बसलेल्या त्या माणसांसमोर मी हेच बोलले. काकांनी माझ्याकडं बघितलं आणि चहा टाकायला आत पाठवलं. मी गेले आणि चहा टाकलाही, त्याचाही मला राग आहे.

वहिनी माझ्याहून वयानं लहान, पण नात्यानं मोठी. देवाला लई भिणारी बाई. नवरा गेल्यावर गावानं तिला हळदीकुंकवाला बोलवायचं सोडलं, पालखी दारात आली की तिला आत व्हायला सांगितलं जायचं. तरी ती रोज सकाळी देवळापर्यंत जायची आणि बाहेरच्या पायरीला हात लावून कपाळाला लावायची. ज्या देवानं तुझा नवरा नेला म्हणून हे लोक सांगतात, त्याच्याच पायरीवर कशाला जातीस गं, असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, त्यानं एकाला नेलं, दुसरं माझ्यापाशी ठेवलंय, ते तरी राहू दे म्हणून जातो. (आमच्याकडं बायकाही ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात. गावात शिरले की मीही म्हणते.) दुसरं म्हणजे पोरगी.

मागच्या सुगीनंतर निपाणीहून एक स्थळ आलं. वहिनीच्या माहेरच्या नात्यातला माणूस, बायको वारलेली, मूलबाळ नाही, मोटार वाइंडिंगचं दुकान. तो त्याच्या थोरल्या बहिणीला घेऊन आला, ओसरीच्या कडेला अवघडून बसला, आणि पहिल्या पाच वाक्यांतच म्हणाला की पोरगीही आईबरोबर यावी, आमच्या गल्लीतच शाळा आहे. इतकं सरळ बोलणारा माणूस आमच्या ओसरीवर बऱ्याच वर्षांत बसला नव्हता. मी त्या रविवारी गावीच होते. ते गेल्यावर वहिनी मोरीत कपबश्या धूत बसली. चार कप आणि चार बश्या, त्यांना किती धुवायचं? मी मागं जाऊन उभी राहिले आणि विचारलं, तुझ्या मनात काय आहे? तिनं मान वर केली नाही.

“जायाचं हाय, वन्सं. पर पोरीला सोडून न्हाय.”

इतकं स्पष्ट होतं सगळं. बाईला जायचं होतं, पोरीला घेऊन जायचं होतं, माणूस दोघींना न्यायला तयार होता. ह्यात देवाचं काय काम होतं, मला कुणीतरी सांगा. पण आप्पा गप्प राहिले, आणि आमच्या घरात आप्पा गप्प राहिले की काका बोलतात. काकांच्या पोटात वेगळंच दुखत होतं. अण्णाच्या वाट्याचं शेत पोरीच्या मागनं निपाणीला जाईल ही त्यांची भीती. तसं तोंडानं म्हणाले असते तर मी त्यांच्याशी सरळ भांडले असते. ते म्हणाले, देवाला विचारू. कौल लावू.

ज्यांना कौल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गुरव देवाच्या काळ्या मूर्तीला अंघोळ घालतो आणि ओल्या अंगावर फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडं आणि डावीकडं. मग घरातला कुणी वडीलधारा गाऱ्हाणं घालतो, म्हणजे खड्या आवाजात देवापुढं प्रश्न मांडतो. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. विहीर कुठं पाडायची, पोरगी कुठं द्यायची, भावकीतला बांध कुणाचा, सगळं असंच ठरतं. तुम्हाला वाटत असेल मी आता गुरवाची लबाडी उघडी पाडणार. आमचा गुरव सरळ माणूस आहे. दोन्हीकडं सारखंच पाणी, सारख्याच पाकळ्या, आणि लावून झालं की हात मागं बांधून लांब उभा राहतो. पाकळीशी माझं काही वाकडं नाही. पडू दे तिला कुठं पडायचं तिथं. तुम्ही तिला विचारलंत काय, ते मला ऐकायचं असतं.

सोमवारी सकाळी आम्ही देवळात गेलो. बाप्ये आत, बायका पायरीवर. शिकवायला मी चालते, गाभाऱ्याच्या आसपास चालत नाही, ते असो. काकांनी हात जोडले आणि गाऱ्हाणं घातलं. आमच्या घरची सून दुसरं घर करायचं म्हणते आणि नातीलाही संगं न्यायचं म्हणते, हे तुला मान्य असेल तर उजवा दे, नसेल तर डावा दे. कुणाचा तरी मोबाईल वाजला आणि त्यानं तो घाईनं बंद केला. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावी पाकळी सुटली आणि खाली पडली.

काकांनी लगेच चपला शोधल्या. पायऱ्या उतरता उतरता त्यांचं सांगून झालंसुद्धा. लगीन न्हाय, पोरगी न्हाय, देवानं दोन्हीला न्हाय म्हटलं. वहिनीनं पायरीला हात लावला आणि घराकडं चालायला लागली. मी मात्र तिथंच उभी राहिले.

अहो, दोन्हीला नाही कुठं म्हटलं? पंगतीत वाढप्यानं विचारलं, भात आणि जिलबी वाढू का, आणि तुम्ही नको म्हटलंत. म्हणजे तुम्ही उपाशी उठणार का? तुम्हाला भात हवा असेल, जिलबी नको असेल. दोन गोष्टी एकत्र बांधून विचारल्या आणि उत्तर नाही आलं, तर निदान एक तरी नाही, इतकंच कळतं. कुठली, ते कळत नाही. हे मी पहिल्या वर्षाला शिकवते. निम्मी पोरं परीक्षेत हेच चुकतात, पण तिथं दोन मार्क जातात. इथं एका बाईचा जन्म जात होता, आणि चूक करणारा माणूस चपला घालून घरी निघाला होता. देव आहे, धरलं. कौल खरा आहे, तेही धरलं. सगळं तुमचं मान्य केलं, तरी तुम्ही सांगताय ते त्यातनं निघत नाही, त्याला काय करायचं?

घरी आल्यावर ओसरीवर मी हे सगळं बोलले. भात आणि जिलबीसकट बोलले. काकांनी शांतपणे पानाला चुना लावला आणि सांगितलं की देवाला एकच गोष्ट दोनदा विचारत नाहीत, देवावर विश्वास नाही असा त्याचा अर्थ होतो. गुरवही बरोबर आला होता, चहाला. त्यानं खाली बघितलं, आणि मला तो हॉल आठवला.

देवळाचा हॉल शाळेच्या मैदानात बांधायचा होता तेव्हा ह्याच देवाला विचारलं होतं. डावा पडला. मग म्हणे पाकळी नीट चिकटली नव्हती. पुन्हा लावला, पुन्हा डावा. मग म्हणे गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या घरात बाळंतपण झालंय, सोयर आहे. माणूस बदलला. उजवा पडेपर्यंत देवाची सुटका नव्हती. आज मैदानात हॉल आहे आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात. त्या वेळी पुढं होऊन कौल लावणाऱ्यांत काकाच होते. मी गुरवाला विचारलं, खरं का खोटं? तो म्हणाला, खरं आहे बाई. मग मी काकांना विचारलं की उजवा हवा असला तर देवाला हवं तितक्यांदा उठवायचं, आणि डावा हवा असला तर पहिल्याच पाकळीला घरी जायचं, हा नियम देवानं घातलाय का तुम्ही?

काका उठलेच. कॉलेजात शिकवतीस म्हणून देवाला शिकवू नको, म्हणाले.

“देवाला न्हाय काका, तुमास्नी शिकवाय लागलोय,” मी म्हटलं.

आत वहिनी भांडी आवाज न करता ठेवायला लागली. तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले. वेगवेगळं विचारू द्या, म्हणाले, हिचं समाधान होऊ दे. मला आप्पांचं इतकं प्रेम आलं म्हणून सांगू. मला वाटलं, बापाला कळलं. पोरीला शिकवल्याचं चीज झालं असं बापाला वाटलं असणार, असंही मला वाटलं. कसली मी बावळट!

पुढच्या सोमवारी रजा टाकून गेले. प्रश्न मी बांधून दिले होते. एका वेळी एकच गोष्ट, त्यात कुठं काही लपलेलं नाही, हो आलं तर काय आणि नाही आलं तर काय हे आधी ठरवलेलं. परीक्षेचा पेपर काढताना मी इतकी काळजी घेत नाही. आप्पांनी स्वतः गाऱ्हाणं घातलं. पहिला प्रश्न, सुनेनं लग्न करावं का. गुरव हात मागं घेतोय न घेतोय तोवर उजवी पाकळी पडली. पायरीवर वहिनीनं दोन्ही हात तोंडावर धरले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी खूश होते, अगदी फुगून गेले होते.

दुसरा प्रश्न, नातीनं आईबरोबर जावं का. पाकळ्या नव्यानं लावल्या. ह्या वेळी बराच वेळ गेला. माझ्या पायाला मुंग्या आल्या. मग डावी पडली.

बाहेर आल्यावर काकांनी सगळ्यांना पेढा वाटला. मलाही दिला. म्हणाले, बघ बाई, तुझ्याच शास्त्रापरमानं झालं की सगळं. आणि झालं होतं तसंच! दोन्ही मिळून नाही, त्यातलं एक हो आणि एक नाही, हिशेब कसा चोख जुळत होता. तो पेढा मी हातात धरून घरापर्यंत आणला आणि गोठ्यात म्हशीपुढं टाकला.

कारण पुढचंही मला दिसत होतं, वाटेतच दिसायला लागलं होतं. वहिनी जाणार असेल तर पोरीला घेऊनच जाणार. पोरगी जाणार नाही. म्हणजे वहिनी जाणार नाही. ह्याला कुठंही फट नाही, कुठल्याही वर्गात फळ्यावर लिहा. लग्नाचा कौल उजवा पडला काय आणि न पडला काय, दुसरा डावा पडला की पहिल्याला काडीची किंमत राहत नव्हती. आप्पा इतक्या सहज का तयार झाले होते ते मला तेव्हा उमगलं. घरात तर्क मला एकटीला येतो असं मी समजत होते. त्यांना तो माझ्या आधी आलेला होता, आणि मी आपली प्रश्न घासूनपुसून देत होते.

वहिनी रडली नाही. दुपारचं जेवण केलं, वाढलं, काकांनाही वाढलं. मी तिला म्हटलं, ऐकू नको, जा, पोरीला घेऊन जा. पाकळी वाळली की पडते, तिला डावं-उजवं काय कळतंय? तिनं माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच लहान आहे.

“जाऊ दे, वन्सं. उद्या पोरीला काय झालं तर मी कुणाकडं बघू? देवानं न्हाय म्हटलेलं हुतं, आसं आयुष्यभर डोक्यात ऱ्हाईल.”

संध्याकाळी निपाणीला फोन करून नाही कळवतो, असंही तिनं सांगितलं. मी तिच्यावरही चिडले. लई चिडले. एवढी जाणती बाई आणि पाकळीला भिते! पण तिला मी काय सांगणार होते? देव नाही, असं? मला तरी कुठं ठाऊक आहे? आणि पोरीला काही होणार नाही असा शब्द जगात कुठल्या शास्त्राला देता येतो? जिचा नवरा सकाळी डबा घेऊन गेला आणि परत आलाच नाही, त्या बाईला तर मुळीच देता येत नाही. मी आत-बाहेर करत राहिले आणि शेवटी मागं परड्यात गेले.

आप्पा फणसाखाली बसून कोयत्याला नवी मूठ बसवत होते. मी त्यांच्यापुढं उकिडवी बसले. भांडायचं ठरवून गेले होते, पण तोंडातनं वेगळंच आलं. वर्गात पोरांना सांगते ना, एखादं विधान उलटं करून बघा, मग खालची ओळ बदलते का ते बघा, तसंच विचारलं गेलं.

“आप्पा, खरं सांगा. आज दुसऱ्यांदा उजवा पडला असता तर पोरीला सोडला असता?”

ते मूठ ठोकत राहिले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “न्हाय.”

“मग काय केला असता?”

“परत लावलो असतो. माझ्या ल्योकाची पोरगी हाय ती. मी सोडतोय व्हय?”

डावा पडला, पोरगी राहणार. उजवा पडला असता, तरी पोरगी राहणार. मग मधल्या कौलाचं काम काय? गुरवानं पहाटे थंड पाण्यात हात घातले, पाकळ्या निवडल्या, मी रजा टाकली, वहिनी पायरीवर उभी राहिली, ते सगळं कशासाठी? वर्गात अशी ओळ असली की मी ती खोडते, कारण ती काढली तरी खालची ओळ तशीच राहते. मी विचारलं, मग देवाला मधी कशाला घेतलासा?

आप्पांनी कोयता बाजूला ठेवला. त्यांच्या आवाजात लाजसुद्धा नव्हती, आणि तेच मला अजून सहन होत नाही.

“मी न्हाय म्हटलो असतो तर तिचा तळतळाट मला लागला असता. देवाला कुणाचा तळतळाट लागत न्हाय.”

आयुष्यात मी इतकी कधी चिडले नाही. काकांवर नाही, गावावर नाही, त्या ट्रकवाल्यावरही नाही. पोरीची चाल अण्णासारखी आहे, अंगणातनं ती चालत आली की आप्पा हातातलं काम थांबवतात, हे मी गावी गेले की दर वेळी बघत होते. म्हाताऱ्याचं दुःख मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, आणि राग तसूभर कमी होत नव्हता. तुमचं दुःख आहे ना, मग तुमच्या तोंडानं सांगा. सुनेसमोर बसा आणि म्हणा, मी म्हातारा आहे, मला नात पाहिजे, तुझं काय व्हायचं ते होऊ दे. तसं सांगायची छाती नाही म्हणून देवाला दारात उभं करायचं, शिव्या त्याला, शाप त्याला, आणि गरम भाकरी ह्यांना! देव असलाच तर त्याचा मला त्या दिवशी पहिल्यांदा कळवळा आला. असं मी आप्पांना म्हणाले.

मी तशीच आत गेले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, फोन मांडीवर. निपाणीला अजून लावला नव्हता. मी तिला आप्पांचा शब्द न् शब्द सांगितला, उजव्याचा आणि तळतळाटाचा. एक अक्षर वाढवलं नाही. ती ऐकत होती तोवर तिचा चेहरा अगदी कोरा होता.

“उजवा पडला असता तरी न्हाय?” तिनं विचारलं.

“तरी न्हाय.”

“म्हंजी देवाला इचारलंच नव्हतं की.” ती हळूहळू, स्वतःशीच बोलत होती. “आधीच ठरवून, खोट्या मनानं इचारलेलं, त्याला देव कशाला उत्तर दील? ते देवाचं नव्हंच. ते आप्पांचं.”

आता इथं मला सांगायलाच पाहिजे की तिचं हे बोलणं तर्कात बसत नव्हतं. पाकळी डावीच पडली होती. आप्पांच्या मनात काय होतं त्यानं पाकळीला काही फरक पडत नाही. कौल मानायचा तर तो आप्पांच्या मनासकट मानायला लागतो, आणि मग पहिल्या कौलाचा उजवा तरी कुठल्या तोंडानं धरायचा? हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. वीस वर्षं मी दुसऱ्यांची हीच चूक पकडून पगार घेते. पोरांच्या, काकांच्या, सुतकाला आलेल्या माणसांच्या. मी दात दाबून गप्प बसले.

वहिनीनं फोन फळीवर ठेवला आणि उठली.

“मी देवाला भ्यालतो, वन्सं. आप्पांस्नी कशाला भिऊ?”

पोरीचे कपडे, दप्तर आणि दोन साड्या इतकंच तिनं पिशवीत भरलं. आज तुमच्यासंगं बेळगावला येतो, म्हणाली, लग्नाचं तिथनं बघू. पोरीला हाक मारून पायात चप्पल घालायला लावली. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि पोरीचा हात धरून परड्यात गेली. मी मागोमाग. आवाज ऐकून काका शेजारच्या दारातनं बाहेर आले होते, त्यांनी काहीतरी देवाचं बोलायला सुरुवात केली. वहिनीनं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. ती आप्पांच्या पाया पडली, पोरीला पडायला लावलं, आणि त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली.

“आप्पा, माझा तळतळाट न्हाय. पोरीला घेऊन जातोय. न्हाय म्हणायचं आसंल तर तुमी म्हणा, मी ऐकतो.”

आप्पांनी माझ्याकडं बघितलं, काकांकडं बघितलं, आणि मग पोरीकडं. त्यांचे ओठ हलले. आम्ही थांबलो, चांगले थांबलो. त्यांना स्वतःच्या तोंडानं एकदा न्हाय म्हणायचं होतं फक्त, आणि ते त्यांना म्हणता आलं नाही. मग आम्ही बसला निघालो.